पिंजऱ्यातला मकाव आणि साठ वर्षांची ढोली

ब्राझीलमधील पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात गुरे ज्या सावलीत रवंथ करीत बसतात, तेथून ती उठून गेली की थोड्याच वेळात त्या जागी मोठे निळे पक्षी उतरतात. आकुरी नावाच्या ताडवर्गीय झाडाची फळे गुरांनी सबंध गिळलेली असतात. फळावरचा गर पोटात जिरतो, पण आतली दगडासारखी टणक बी रवंथ करताना बाहेर पडते किंवा शेणातून टाकली जाते. गर निघून स्वच्छ झालेल्या या बिया हायसिंथ मकाव हा मोठा निळा पोपट वेचतो आणि फोडून खातो. पांतानालमधील ही गुरे बहुतांशी नेलोर जातीची आहेत, म्हणजे आंध्र प्रदेशातील ओंगोल गाईबैलांचे वंशज. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्यांचे पूर्वज जहाजांतून तिकडे गेले. भारताकडून या पक्ष्याला नकळत झालेली ही एक मदत आहे. जाणूनबुजून आपण त्याचे काय करणार आहोत, हा या लेखाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूरु, कोलकाता अशा शहरांत दक्षिण अमेरिकेतील मकाव घरी पाळण्याची हौस वाढली आहे. निळा-पिवळा मकाव सर्वांत जास्त दिसतो, त्याखालोखाल लाल पंखांचे. आणि ज्याची किंमत ऐकून माणूस थबकतो असा हायसिंथ मकावही अधूनमधून दिसतो. आपला कीर पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मकाव मात्र नोंदणी करून, कागदपत्रे जवळ ठेवून बाळगता येतो. ही तफावत मला पटत नाही. मोठे मकाव घरगुती पाळणुकीसाठी विकण्याची पद्धत भारताने थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण मी दयाबुद्धीपेक्षा या पक्ष्याच्या जीवनक्रमात शोधतो. त्यासाठी हायसिंथ मकावचे उदाहरण मी निवडले आहे, कारण त्याच्या नैसर्गिक इतिहासाचा अभ्यास तीन दशकांहून अधिक काळ एकाच प्रदेशात चिकाटीने झाला आहे.

चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांबीचा हा पक्षी उडणाऱ्या पोपटांत सर्वांत मोठा आहे आणि त्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. अंग सगळे गडद निळे. डोळ्यांभोवती आणि खालच्या चोचीच्या मुळाशी तेवढी पिवळीजर्द उघडी कातडी. पांतानालमध्ये त्याचे अन्न जवळजवळ दोनच झाडांवर चालते, आकुरी आणि बोकायुव्हा, आणि दोन्ही ताडवर्गीय. नारळाची करवंटी आपण कोयत्याने फोडतो. या बियांचे कवच त्याहून चिवट असते. मकाव ती बी चोचीत फिरवीत योग्य बाजू सापडेपर्यंत चाचपतो, खालच्या चोचीच्या धारेने तिच्यावर खाच पाडतो आणि मग अडकित्त्यात सुपारी कातरावी तशी ती कचकन दुभंगवतो. बी निसटू नये म्हणून लाकडाची ढलपी किंवा पानाचा तुकडा पाचरीसारखा मध्ये धरण्याची युक्तीही हे पक्षी वापरताना पाहिले गेले आहेत. बी निवडणे, फिरवणे आणि फोडणे हे कसब पिल्लू आईबापांच्या शेजारी बसून कित्येक महिने पाहत शिकते.

या पक्ष्याचे घर हा तर स्वतंत्र विषय आहे. दक्षिण पांतानालमध्ये त्याची सुमारे ९५ टक्के घरटी मांदुव्ही या एकाच जातीच्या झाडांच्या ढोल्यांत असतात. सह्याद्रीत आणि सातपुड्यात पांढऱ्या खोडाचा, पानगळीनंतर चांदण्यात भुतासारखा दिसणारा जो कांडोळ आहे, त्याचाच मांदुव्ही हा नातलग. दोघेही स्टर्क्युलिया या कुळगटातले. मांदुव्हीचे लाकूड मऊ असते. फांदी मोडली, तेथे कुजवा लागला किंवा सुतारपक्ष्याने टोच मारली, की तेथे पोकळी तयार होऊ लागते आणि मकाव ती चोचीने कोरून मोठी करतो, निघालेल्या भुश्याचेच अंथरूण करतो. पण मीटरभर लांबीचा पक्षी मावेल अशी ढोली होण्याइतका बुंधा जाड व्हायला मांदुव्हीला किमान साठ वर्षे लागतात. आज रुजलेल्या रोपात मकावचे पिल्लू वाढण्याची वेळ आजच्या तरुण वनरक्षकाच्या निवृत्तीनंतर येईल. तीच गुरे, जी बिया स्वच्छ करून देतात, मांदुव्हीची कोवळी रोपे चरतात आणि तुडवतात, त्यामुळे जुन्या झाडांच्या जागी नवी झाडे येण्याचा वेग मंद आहे. हा पक्षी आणि ही गुरे यांचे नाते एका वाक्यात चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही.

त्याहून गुंतागुंतीचे नाते टुकानशी आहे. मोठ्या नारिंगी चोचीचा टोको टुकान आपल्या धनेशाची आठवण करून देतो, मात्र दोघांत जवळचे नाते नाही. पांतानालमध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मांदुव्हीच्या बियांचा ८० टक्क्यांहून अधिक प्रसार एकटा टुकान करतो. तो बिया गिळतो आणि दूर जाऊन टाकतो. त्याच अभ्यासात हेही दिसले की मकावची जी अंडी खाल्ली जातात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक खाणाराही टुकानच. ज्याच्यामुळे उद्याच्या ढोल्या उभ्या राहतात तोच आजची अंडी पळवतो. मकाव वाचवण्यासाठी टुकान मारावा असे कोणी सुचवले तर साठ वर्षांनी मकावला घरटे उरणार नाही. मला हा संपूर्ण नैसर्गिक इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. पक्षी म्हणजे पिसे, चोच आणि आवाज एवढीच वस्तू नव्हे. त्या पक्ष्यात आकुरी, बोकायुव्हा, मांदुव्ही, टुकान, सुतारपक्षी आणि आता गुरेही सामावलेली आहेत. पिंजऱ्यात आणताना यांतले काहीच आणता येत नाही.

प्रजननाची गती पाहिली की व्यापाराचे गणित आणखी स्पष्ट होते. हायसिंथ मकाव साधारण सातव्या ते नवव्या वर्षी पहिल्यांदा घरटे करतो. जोडी दीर्घकाळ एकत्र राहते. उडतानाही दोघे पंखाला पंख लावल्यासारखे जातात. मादी साधारणपणे दोन अंडी घालते आणि महिनाभर ती उबवते, तेवढा काळ नर तिला भरवतो. दोन्ही अंडी फुटली तरी दुसरे पिल्लू काही दिवसांनी जन्मते, पहिल्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही आणि बहुतेकदा एकच पिल्लू वाढते. ते ढोलीतून बाहेर पडायला सुमारे साडेतीन महिने घेते, त्यानंतरही पुढे अनेक महिने आईबापांवर अवलंबून असते, आणि त्यामुळे अनेक जोड्या दरवर्षी प्रजनन करीत नाहीत. एका वर्षी प्रौढ पक्ष्यांपैकी १५ ते ३० टक्केच प्रजननाचा प्रयत्न करतात. कोंबडीच्या किंवा बजरीगर या छोट्या पाळीव पोपटाच्या हिशेबाने विचार करणाऱ्या माणसाला हे आकडे क्षुल्लक वाटतील. ज्या थव्यातून दरवर्षी काही प्रौढ जोड्या पकडून नेल्या जातात, त्या थव्याची भरपाई दहा वर्षांतही होत नाही, हा त्यांचा अर्थ आहे.

इतक्या अवघड पक्ष्याची मागणी का होते, याचे उत्तर रंग हेच आहे, आणि त्या रंगाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मकावच्या पिसात निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या बारीक तंतूंत केराटिन या प्रथिनाची स्पंजासारखी सूक्ष्म रचना असते, ती प्रकाशातला निळा भाग परतवते आणि खाली असलेले काळे मेलॅनिन बाकीचा प्रकाश शोषून घेते. पिवळा रंग मात्र खरे रंगद्रव्य असतो, आणि ते पोपटवर्गाचे खास आहे. आपल्या किराचा हिरवा रंग या दोहोंच्या मिलाफातून होतो: वर पिवळे रंगद्रव्य, खाली निळा परतवणारी रचना. आमच्या इमारतीच्या आवारातील पेरूच्या झाडाखाली पडलेले किराचे एक पीस मी खिडकीशी धरून पाहिले आहे. उजेड समोरून पडला तेव्हा ते तकतकीत हिरवे दिसले. उजेडाच्या विरुद्ध धरल्यावर हिरवेपणा विझला आणि पिवळट करडा पडदा तेवढा उरला. हायसिंथचे पीस कुटून त्याची पूड केली तर तिच्यातून निळाई नाहीशी होईल, कारण निळेपणा रचनेत आहे, पदार्थात नाही.

या निळाईची किंमत १९८०च्या दशकात पक्ष्यांनी मोजली. ब्राझीलने १९६७च्या वन्यप्राणी कायद्यानेच वन्य प्राण्यांच्या व्यापारावर बंदी घातली होती, तरीही त्या दशकात सुमारे १०,००० हायसिंथ मकाव जंगलातून पकडले गेले असा अंदाज आहे. त्यातले निम्मे खुद्द ब्राझीलच्या देशांतर्गत बाजारात गेले, बाकीचे परदेशी. शेजारच्या पॅराग्वेतील बाहिया नेग्रा या नदीकाठच्या गावातून १९८३-८४ या काळात २,५०० हून अधिक पक्षी विमानाने बाहेर पाठवण्यात आले. एका देशात बंदी असली की माल शेजारच्या देशातून निघतो, याचे हे ठळक उदाहरण. पक्ष्यांच्या व्यापाराबरोबर त्यांच्या पिसांचाही व्यापार होता आणि गायरानांसाठी जंगलतोडही चालूच होती. १९८७ मध्ये हा पक्षी वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये गेला, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पक्ष्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तेव्हा पांतानालमध्ये साधारण दीड हजारच हायसिंथ उरले होते.

पुढे जे घडले त्यात ब्राझीलच्या जीवशास्त्रज्ञ नेइव्हा गेदेस यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९८९ मध्ये एका अभ्याससहलीत त्यांनी वठलेल्या झाडावर बसलेला हायसिंथ मकावांचा थवा पाहिला, हे पक्षी लवकरच नाहीसे होतील असे त्यांना सांगण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या एका पक्ष्यासाठी काम सुरू केले. पांतानालची बहुतेक जमीन गुरे पाळणाऱ्या खासगी मालकांच्या रानांची आहे. तेथे राखीव जंगलाचे कुंपण घालून काम होण्यासारखे नव्हते. म्हणून रानमालकांशी आणि गुराख्यांशी बोलून, त्यांना ढोल्या दाखवून, प्रत्येक ढोलीची नोंद ठेवून काम करावे लागले. दोरखंडाने झाडावर चढून पिल्लांचे वजन घेणे, मोठ्या झालेल्या ढोल्यांची तोंडे फळी लावून लहान करणे, म्हणजे अंडी पळवणारे आत शिरू नयेत, आणि जेथे जुनी झाडे नाहीत तेथे लाकडी पेट्या टांगणे अशी ही कामे होती. पूर्वी पिल्ले विकून चार पैसे मिळवणारी माणसेच पुढे घरट्यांवर नजर ठेवू लागली. पांतानालमधील संख्या हळूहळू पाच हजारांच्या आसपास गेली आणि २०१४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत या पक्ष्याची श्रेणी एका पायरीने सुधारली. या यशात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांचा वाटा नाही, हे येथे मुद्दाम नोंदवतो. पक्षी पकडणे थांबले, ढोल्या राखल्या गेल्या आणि स्थानिक माणसांना तो आपला वाटू लागला. एवढ्यानेच ते झाले.

ही सुधारणाही किती नाजूक आहे हे २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी पांतानालचा चतुर्थांशाहून अधिक भाग आगीत सापडला. शेकडो हायसिंथ एकत्र रात्रीच्या मुक्कामाला येतात ते उत्तर पांतानालमधील एक रान जवळजवळ सगळे जळाले. मोठे पक्षी उडून गेले, पण आकुरीची फळे आणि ढोल्या उडून जात नाहीत.

आता पक्षीपालकांच्या बाजूचा युक्तिवाद पाहू, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी विकतो. त्यामुळे जंगलातल्या पक्ष्यांवरचा ताण कमी होतो. आणखी म्हणतात, ब्राझीलचाच दुसरा निळा मकाव, स्पिक्सचा मकाव, नामशेष होता होता वाचला तो पिंजऱ्यातल्या पक्ष्यांमुळेच. दुसरे विधान खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. स्पिक्सचा मकाव २००० साली निसर्गातून नाहीसा झाला. मार्च २०२० मध्ये जर्मनीतून ५२ पक्षी ब्राझीलच्या बाहिया राज्यात परत नेण्यात आले आणि जून २०२२ मध्ये त्यांतले आठ मोकळे सोडण्यात आले. पण ते कसे सोडले हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्याबरोबर माराकाना या दुसऱ्या जातीचे रानटी मकाव सोडले गेले, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न कोठे मिळते आणि ससाणा आला तर काय करायचे हे ठाऊक नसते. ते शिकवणारा कोणी तरी लागतो. शिवाय त्या पक्ष्यांच्या जोड्या वंशावळ तपासून, आनुवंशिक वैविध्य टिकेल अशा लावलेल्या होत्या. कोणाच्या तरी दिवाणखान्यातला एकटा मकाव या कामाला उपयोगी पडत नाही. त्या प्रजातीला घरगुती हौसेने वाचवले असे म्हणणे इतिहासाला धरून नाही; उलट १९८०च्या दशकात निसर्गातल्या शेवटच्या मोजक्या पक्ष्यांपैकीही बहुतेक हौशी खरेदीदारांसाठीच पकडले गेले होते.

पहिल्या विधानाची कसोटी आकड्यांनी झालेली आहे. अमेरिकेने १९९२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आणले. लॅटिन अमेरिकेतील १४ देशांत पोपटांच्या २१ जातींवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ३० टक्के घरट्यांतून पिल्ले चोरली जात असल्याचे दिसले, आणि १९९२ नंतर चोरीचे प्रमाण लक्षणीय घटल्याचेही दिसले. युरोपीय संघाने २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने आयात रोखली, ती २००७ पासून कायम केली, आणि वन्य पक्ष्यांची एक फार मोठी बाजारपेठ बंद झाली. खरेदीदाराच्या देशाने दार लावले की जंगलातले हात थांबतात, हे या अनुभवावरून दिसते. मग मागणी जेथे नव्याने वाढते आहे त्या देशांची जबाबदारी मोठी ठरते, आणि त्यात आज आपला देश आहे. जुलै २०२० मध्ये आसाममधील लैलापूर येथे वनखात्याने एक ट्रक अडवला. त्यात एक कांगारू, तीन कासवे आणि दोन माकडांबरोबर सहा निळे मकाव होते. हे प्राणी मिझोरामकडून येत होते. जन्माचे ठिकाण, वंशावळ, पायातल्या कडीचा क्रमांक यांतले काहीही अशा मार्गाने आलेल्या पक्ष्याजवळ खरे असण्याची शक्यता नाही, आणि एकदा तो शहरात पोचला की पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यांत मिसळून जातो. दोघांची पिसे सारखीच निळी.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका परिचितांच्या घरी मी निळा-पिवळा मकाव जवळून पाहिला. घरातले काका निवृत्त शिक्षक, अतिशय मायाळू. पक्ष्यासाठी बाल्कनीला जाळी मारलेली, बदाम-अक्रोड वेळच्या वेळी, थंडीत रात्री चादर. मकावचे डोके, पाठ आणि शेपूट राजबिंडी होती, पण गळ्याखालपासून पोटापर्यंत एकही पीस नव्हते. सोललेल्या कोंबडीसारखी सुरकुतलेली गुलाबी कातडी आणि तिच्यावर इकडे तिकडे उगवू पाहणाऱ्या पिसांचे काळसर खुंट. तो माझ्याकडे एक डोळा रोखून पाहत होता आणि पाहता पाहता मान वाकवून त्याने एक खुंट चोचीत धरला, हळूच ओढला आणि खाली टाकला. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी मलम दिलंय, खाणं बदललं, तरी थांबत नाही." काकांनी हाक मारली की तो "काय रे" म्हणायचा, अगदी काकांच्याच आवाजात. दुपारी ते दोघे अर्धा तास बाजारात गेले तेव्हा तो सतत ओरडत राहिला, आणि शेजारच्या घरातून भिंतीवर कोणी तरी थापटले.

थव्यात राहणाऱ्या, बहुतांश दिवस जोडीदाराला चिकटून घालवणाऱ्या पक्ष्याला एकटे ठेवले की तो माणसालाच जोडीदार मानतो. जोडीदार दार लावून निघून जातो हे त्याच्या स्वभावाला ठाऊकच नसते. आजार नसतानाही स्वतःची पिसे उपटणे हे बंदिवासातल्या मोठ्या पोपटांत वारंवार दिसते, आणि कंटाळा व एकटेपणा ही त्याची मोठी कारणे मानली जातात. काका-काकूंची माया कमी पडली असे मी मुळीच म्हणत नाही. मायेने भरून निघेल अशी ही उणीव नाही.

आपल्या कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि साइट्सच्या परिशिष्टांतील परदेशी प्राणी प्रथमच त्याच्या कक्षेत आले. परिशिष्ट १ मधील प्राण्यांच्या प्रजननासाठी परवाना आवश्यक झाला. २०२४च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले, ताब्यात असलेल्या प्राण्यांची नोंद केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. त्याआधी २०२० मध्ये सरकारने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती आणि मुदतीत माहिती देणाऱ्यांकडून कागदपत्रे मागितली नव्हती. किती पक्षी आहेत हे तरी कळावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण मुदतीपूर्वी जे चोरवाटेने आले तेही त्यातून वैध झाले असणार, हे नाकारता येत नाही.

नोंदणीने पक्षी मोजले जातात. ताबा, जन्म, मृत्यू, हस्तांतरण यांची दखल घेणारी ही व्यवस्था हवीच, पण मकाव घरात असावा का, या प्रश्नाला ती हात घालत नाही. माझ्या मते पुढची पायरी अशी असावी. परिशिष्ट १ मधील मकाव, म्हणजे हायसिंथ आणि लाल रंगाच्या स्कार्लेट मकावासारख्या जाती, यांची घरगुती पाळणुकीसाठी नवी विक्री पूर्ण बंद व्हावी. निळ्या-पिवळ्या मकावसारख्या परिशिष्ट २ मधील मोठ्या जातींच्या बाबतीतही एकटा पक्षी विकण्यास मनाई असावी आणि पंख पसरून उडता येईल एवढ्या जागेची अट असावी; ती अट पाळायची तर सदनिकेतली पाळणूक आपोआप थांबते. नोंद झालेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायात बंद कडी आणि सरकारदफ्तरी त्याच्या पिसाचा किंवा रक्ताचा डीएनए नमुना असावा, म्हणजे आईबाप पिंजऱ्यातले आहेत हे विक्रेत्याच्या शब्दावर मानावे लागणार नाही. बजरीगर, कॉकाटील यांसारख्या दीडशे वर्षांपासून पिंजऱ्यात वाढलेल्या, वर्षाच्या आत प्रजननक्षम होणाऱ्या लहान पक्ष्यांवर उपजीविका असणाऱ्यांना याचा त्रास होण्याचे कारण नाही. या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलण्याची गफलत मात्र बाजार मुद्दाम करतो.

ज्यांच्या घरी आज मकाव आहे त्यांना गुन्हेगार ठरवू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. भीती दाखवली की लोक पक्षी लपवतात किंवा खिडकी उघडून सोडून देतात, आणि पुण्याच्या आकाशात सोडलेला मकाव स्वतंत्र होत नाही. तो उपाशी मरतो किंवा कावळ्या-घारींच्या तावडीत सापडतो. अशा पक्ष्यांसाठी राज्यात सरकारी देखरेखीखाली मोठे पक्षिगृह हवे, जेथे एकटे पक्षी थव्यात ठेवता येतील आणि ज्यांना सांभाळणे शक्य नाही त्यांना ते दंडाच्या भीतीशिवाय सोपवता येतील. आज असा पक्षी कोठे द्यावा, हे विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळत नाही.

हा सगळा विचार करताना आपल्याकडच्या ढोल्यांचा विसर पडू नये. कोकणातला धनेश आणि सातपुड्यातला करण पोपटही जुन्या, पोकळ झाडांवरच अवलंबून आहेत. देवराईतला बेहडा किंवा सातवीण तोडली की तेथेही पन्नास-साठ वर्षांची घरे एका दिवसात जातात. परदेशी पक्ष्याच्या पिंजऱ्यावर लाखो रुपये खर्च करणाऱ्या पक्षिप्रेमींनी त्यातला थोडा भाग कोकणातल्या एखाद्या देवराईच्या राखणीला दिला, तर तो पैसा खऱ्या अर्थाने पक्ष्यांवर खर्च होईल.

निघताना काकांनी मला जिन्यापर्यंत सोडले. मकावचे आयुष्य पन्नास वर्षांवर असते हे पक्षी आणल्यानंतर त्यांना कळले, असे ते म्हणाले. त्यांचा मुलगा परदेशात आहे आणि सुनेला पक्ष्यांची भीती वाटते. "हा आता अकरा वर्षांचा, मी एकाहत्तर. माझ्यानंतर कुणाकडे द्यायचा, ते तुम्हीच सांगा." आतून पुन्हा त्यांच्याच आवाजात "काय रे" ऐकू आले, आणि ते घाईने मागे वळले.